अधांतरी गॅलरी



उन्हाळ्याची वाळवणं यंदा का लिहिली नाहीत, असं तिघी-चौघींनी विचारलं. यंदा वाळवणं झालीच नाहीत. जिथे ती व्हायची ती गॅलरीच आम्ही पाडली.

राजापेठेतलं आमचं घर सासऱ्यांनी 1983 साली बांधलं. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, आणि वरच्या पुढच्या खोलीतून रस्त्याच्या बाजूला निघालेली चौदा फूट लांब, चार फूट रुंद सिमेंटची गॅलरी. खाली खांब नाही, आधार नाही. सासरे मूळचे कारंज्याचे. तिथल्या जुन्या वाड्याला सागवानी गॅलरी होती आणि तिच्याखाली लाकडी घोडे. ते गंमतीने म्हणायचे, "शिरपूरला देव अधांतरी अन् राजापेठेत आपली गॅलरी." शिरपूरची अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला टेकत नाही अशी आपली श्रद्धा आहे. गॅलरीबाबत मात्र आम्ही श्रद्धाच ठेवली, दुसरं काही पाहिलं नाही.

महावीर जन्मकल्याणकाला शोभायात्रा बघायला त्या गॅलरीत आम्ही चौदा जण उभे होतो. माझी नणंद, तिची मुलं, जाऊबाई, कडेवर भाच्याचं सात महिन्यांचं बाळ. चारच दिवसांनी सकाळी मी दर्शनाहून परत आले, तेव्हा खाली रस्त्यावर परातीएवढा सिमेंटचा पोपडा फुटून पडला होता. गॅलरीच्या पोटात दोन सळया उघड्या पडल्या होत्या, जुन्या खिळ्यांसारख्या सालपटं सुटलेल्या. पोपडा पडला तिथून हातभर अंतरावर पंक्चरवाल्या काकांची पाण्याची घमेली होती. काका गेली सतरा-अठरा वर्षं आमच्या गॅलरीच्या सावलीत बसतात. त्या दिवशी त्यांना यायला उशीर झाला होता.

ह्यांनी लगेच एका ओळखीच्या ठेकेदाराला बोलावलं. तो आला, खालून पाहिलं, वरून पाहिलं, आणि म्हणाला, "काही टेन्शन नका घेऊ भाऊ. दोन तासाचं काम हाय. भिंतीजवळून घण मारला का आख्खी खाली. अकरा हजार द्या." त्याच्यासोबत एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता, पायात स्लीपर. ह्यांना बरं वाटलं. खरं सांगते, मलाही वाटलं. दोन तासांत संकट टळत असेल तर कोणाला नको? मी इसाराचे दोन हजार आणायला आत गेलेसुद्धा.

आई, म्हणजे सासूबाई, सामायिक आटोपून दारात येऊन बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, हा पोरगा कुठी उभा राहून फोडन?"

"वरच ना जी आई. अजून कुठी?"

"अन् ते पडली मंग?"

तो हसला. "पडाच्या आंधी उडी मारते थो. सवय हाय त्याले."

आई काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलं फक्त. मी पैसे हातात धरून उभी होते आणि मला 2022 च्या दिवाळीनंतरचा तो रविवार आठवला. 30 ऑक्टोबरला आपल्याच गावात प्रभात चौकातली जुनी इमारत कोसळली आणि पाच जण गेले. आम्ही सगळ्यांनी तेव्हा हळहळ केली होती. आणि इथे मी एका पोराला मोडक्या गॅलरीवर उभं करायला स्वतःच्या हाताने पैसे देत होते. मी म्हटलं, "भाऊ, आम्ही विचार करून सांगतो." ठेकेदाराला राग आला. ह्यांनाही थोडा आला.

पाठशाळेत आपण हिंसेचे चार प्रकार पाठ करतो. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. घर चालवताना चूल, झाडलोट, बांधकाम यांत जी होते ती आरंभी, आणि श्रावकाला ती पूर्ण टाळता येत नाही. हे वाक्य मी आयुष्यभर सवलतीसारखं वापरलं. पण तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आला आहे, म्हणजे बेसावधपणा. जीव वाचला तरी बेसावध माणूस सुटत नाही. त्या पोराने उडी मारून जीव वाचवला असता, तरी माझ्या खात्यात काय जमा झालं असतं ते मला दिसत होतं.

माझ्या भाचीला इंजिनिअरिंगला शिकवायला ज्या मॅडम होत्या त्या इमारतींची तपासणी करतात. त्या दुसऱ्या दिवशी आल्या. आल्याआल्या पहिलं काम केलं ते वरच्या दाराला कुलूप लावण्याचं. गॅलरीत पाऊलही टाकलं नाही. खोलीत उभं राहून लांब दांड्याच्या हातोडीने जमीन ठोकत गेल्या. चांगल्या सिमेंटचा आवाज टणटणीत येतो. आमचा मधोमध बदबद येत होता, पिकलेल्या फणसासारखा. मग खाली जाऊन त्यांनी पंक्चरवाल्या काकांना हात जोडून पलीकडे बसायला सांगितलं आणि रस्त्यावर दोरी बांधून घेतली.

त्यांनी मला जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते, कारण अशी गॅलरी तुमच्यापैकी निम्म्याजणींच्या घराला असेल. खोलीचा स्लॅब चारी बाजूंनी भिंतींवर बसतो, त्याचं मधलं पोट खाली ताणलं जातं, म्हणून त्याच्या मुख्य सळया खाली असतात. लोंबत्या गॅलरीचं उलट. ती भिंतीला एका कडेने धरून असते, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळया वरच पाहिजेत. एक हात पुढे करून त्यावर पाण्याची कळशी घ्या, खांद्याचा वरचा स्नायू ओढला जातो ना, तसंच. पाणी मुरतं तेही वरूनच. कुंड्यांचं पाणी, पावसाचं पाणी, नळीत कबुतरांच्या काड्या अडकून तुंबलेलं पाणी. ते सळईपर्यंत गेलं की गंज धरतो, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो आणि सिमेंटला आतून फोडतो. आम्हाला खालचा पोपडा दिसला. खरी काळजीची जागा वर, फरशीखाली, कधीच न दिसणारी.

कारंज्याच्या लाकडी गॅलरीचा घोडा कुजला की दिसायचा, सुतार बोलावला जायचा. सिमेंट शेवटपर्यंत काही सांगत नाही.

आणि फरशी! 1998 मध्ये नणंदेच्या लग्नाआधी जुन्या कोब्यावर आम्ही नवा कोबा घालून फरशी बसवली होती, शिवाय लोखंडी कठड्याच्या जागी विटांचा. मॅडमनी कागदावर हिशेब मांडला. नुसता स्लॅब सोळा क्विंटलच्या वर. आपल्याकडे कापसाची गाठ 170 किलोची धरतात, म्हणजे साडेनऊ-दहा गाठी. आणि आम्ही हौसेने वर चढवलेलं ओझं त्याहूनही जास्त. त्यावर चौदा माणसं आणि एक बाळ. मी तो कागद घडी करून देवघरात ठेवला आहे.

भिंतीजवळून घण मारायचा बेत ऐकून मॅडम म्हणाल्या, "वहिनी, ज्या सळयांनी तिला धरून ठेवलंय त्याच आधी तोडायचं म्हणत होता तो." फांदीवर बसून बुंध्याकडून तोडणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती आमच्याच दारात घडणार होती.

लगेच टेकू लागले. गॅलरीखाली बाहेरच्या कडेने चार आणि मधे चार लोखंडी टेकू, प्रत्येकाच्या खाली जाड फळी. एक टेकू नेमका नालीच्या झाकणावर येत होता. तो सरकवायला लावला, कारण झाकण फुटलं तर टेकू असून नसल्यासारखा. टेकूचा स्क्रू मिस्त्री जोरात आवळायला लागला तेव्हा मॅडम ओरडल्याच. नुसता टेकवायचा, वर रेटायचं नाही. खालून रेटा दिला तर स्लॅब उलट्या बाजूने वाकतो, आणि त्या बाजूला मुख्य सळयाच नाहीत. खालच्या पुढच्या खोलीतही दोन टेकू दिले आणि ती खोली रिकामी करवली. मला याचं कारण कळेना. गॅलरीच्या सळया आत खोलीच्या स्लॅबमध्ये गेलेल्या असतात. बाहेरचं ओझं तराजूसारखं आतल्या स्लॅबच्या पोटाला थोडं वर उचलून धरतं. ते काढलं की आतल्या स्लॅबवर ताण वाढतो. आमचा आतला स्लॅब तेवढं सोसेल असा निघाला, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही.

टेकू लावताना कोपऱ्यातल्या पाइपमागे घरटं सापडलं. कबुतराची दोन पिल्लं, जेमतेम आठवड्याची, पिवळट लव आणि केवढी ती चोच.

आता खरी पंचाईत. ह्यांचं म्हणणं, रस्त्याने माणसं जातात, माणूस आधी. आईंचं म्हणणं, घरटं हलवलं तर मायबाप परत येतील याची खात्री काय? घरात दोन दिवस कोणी नीट बोललं नाही. ह्यांचं चूक होतं असं मला वाटत नाही. मीच मॅडमना फोन केला, जरा लाजतच. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "टेकू नीट आहेत, वर कोणी जाणार नाही, खालून कोणी जाणार नाही, तर तीन आठवडे थांबता येईल. पण पाऊस लागायच्या आत काम संपलं पाहिजे." महिन्याभरात पिल्लू उडतं. म्हणजे ज्या टेकूंचे पैसे ह्यांना जड वाटत होते, त्यांनीच माणूस की कबूतर हा प्रश्न मिटवला. मी रोज दोनदा दोरी आणि टेकू बघायची. आई घरटं बघायच्या.

या मधल्या दिवसांत कागदपत्रं झाली. महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज दिला, कारण फुटपाथ अडणार होता. धोकादायक बांधकाम पाडायची किंवा दुरुस्त करायची नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली निघते. आम्ही नोटिशीची वाट न बघता स्वतःच गेलो, याचं तिथल्या साहेबांना नवल वाटलं. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनेची तपासणी करून घ्यावी असंही त्याच कायद्यात आहे, हे मला तिथे कळलं. आमच्या घराची तिशी 2013 मध्येच उलटली होती. गॅलरीच्या पुढून जाणारी विजेची सर्व्हिस वायर महावितरणकडून बाजूला करून घेतली. नवा मिस्त्री ठरला अठ्ठावीस हजारांत. अकरा आणि अठ्ठावीसमधले सतरा हजार मला अजूनही बोचतात, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात अमरावतीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. काम सकाळी सहा ते अकरा एवढंच, चार दिवस. पहिल्या दिवशी घरटं रिकामं असल्याची आईंनी स्वतः शिडीखाली उभं राहून खात्री करून घेतली. गॅलरीला न टेकणारी वेगळी परांची उभी राहिली. मिस्त्री तिच्यावर आणि खोलीच्या दारात; गॅलरीवर एकही माणूस चढला नाही. कमरेला पट्टा, आणि पट्ट्याचा दोर आतल्या खोलीतल्या भक्कम जागी. डोक्यावर टोपी घालायला पोरं कुरकुरली, पण मॅडमसमोर कोणाची हिंमत नव्हती.

आधी ओझं उतरवलं. कुंड्या, मग विटांचा कठडा, एकेक वीट सोडवून, आतल्या बाजूला घेत. मग फरशी, मग कोबा. दोन दिवस यातच गेले आणि बघणाऱ्यांना वाटलं हे लोक काही करतच नाहीत. तिसऱ्या दिवशी स्लॅब. बाहेरच्या कडेपासून भिंतीकडे, लहान ब्रेकरने, वीतभर वीतभर. स्लॅबच्या खाली टेकूंवरच फळ्यांचा माचा केला होता, त्यावर पोती. तुकडे त्यावर पडायचे आणि घमेल्याने खाली उतरायचे, फेकायचे नाहीत. माच्यावर मलबा साठू द्यायचा नाही, नाहीतर तोच ओझ्याने बसेल. सळया मात्र शेवटपर्यंत तशाच ठेवल्या. सगळं सिमेंट निघाल्यावर भिंतीतून नुसते लोखंडी हात बाहेर आलेले दिसत होते. ते शेवटी ग्राइंडरने कापले, ओढले किंवा हलवले नाहीत. टोकांना गंजरोधक लावून वर चांगला मसाला भरला. सगळ्यात महत्त्वाची एक सूचना मॅडमनी मिस्त्रीला तीनदा बजावली होती, की गॅलरीच्या वरच्या भिंतीला आधी हात लावायचा नाही. तिच्याच वजनाखाली गॅलरीचं मूळ दबलेलं असतं. भिंत आधी काढली की गॅलरी उलटते.

धूळ बसवायला पाणी शिंपडत होते. ते बोअरचं, न गाळलेलं. तिथे मी हट्ट धरला नाही, हे लिहून टाकते.

पोरांना साडेनऊला पन्हं आणि डबा. त्यांच्या डब्यात भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा. ओसरीवर बसून कांदा फोडताना एकाने आमच्या देवघराकडे पाहिलं आणि उठून बाहेर उन्हात जायला लागला. आई म्हणाल्या, "बस ना बाप्पा सावलीत. तुह्या पोटात जाते, माह्या नाही." चाळीस वर्षांत त्या घरात कांदा आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मिस्त्रीने मला हाक मारली. "ताई, हे पाहा." पाच इंच जाडीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या इंचभरात असायला हव्या होत्या. आमच्या मधोमध होत्या, काही ठिकाणी त्याहून खाली. स्लॅब ओतताना कामगार सळयांवरून चालतात, त्या दबतात, आणि कोणी उचलून परत नीट करत नाही. "हे पहिल्या दिवसापासूनच असं हाय," मिस्त्री म्हणाला. वर गंजाने दहा मिलिमीटरची सळई कुठे कुठे सहाची झाली होती.

मी तिथेच पायरीवर बसले. 1983 पासूनची सगळी वर्षं डोळ्यांपुढून गेली. नवी नवरी म्हणून मी तिथे उभी राहिले तेव्हा खाली बँड वाजत होता. माझ्या दोन्ही बाळांना मी तिथे कोवळ्या उन्हात घेऊन बसायची. कुरडयांचे पाट, सासऱ्यांची आरामखुर्ची, क्षमावणीला येणारी-जाणारी माणसं. आणि प्रत्येक वेळी खाली कोणीतरी: भाजीवाली, शाळेतली मुलं, पंक्चरवाले काका. आम्ही कधीच काही वाईट चिंतलं नव्हतं, आणि तरीही इतकी वर्षं आम्ही ते त्यांच्या डोक्यावर टांगून ठेवलं होतं. सासऱ्यांना राग करावा असं मला वाटलं नाही. त्यांनी सळया पाहिल्या असत्या तरी त्यांना काय कळलं असतं? ते कापडाचे व्यापारी. पण फरशी तर मीच पसंत केली होती.

संध्याकाळी आईंना सळयांचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याईले नाही कळलं. बरं झालं." आणि प्रतिक्रमणाला बसल्या, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

चौथ्या दिवशी मलबा गेला. बांधकामाचा मलबा नालीत, रस्त्यावर किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकायचा नाही असा 2016 पासूनचा नियम आहे, आणि पावसाळ्यात राजापेठेतल्या नाल्या का तुंबतात ते आपण बघतोच. चांगल्या विटा मिस्त्री घेऊन गेला, बाकीचं महापालिकेने सांगितलेल्या जागी ट्रॅक्टरने पाठवलं. सळयांचं भंगार विकून नऊशे चाळीस रुपये आले. ते काकांना दिले हिरव्या जाळीसाठी. त्यांची सावली गेली होती ना. काकांनी आधी नको म्हटलं, मग म्हणाले, "भाभी, जाळी नको, मोठी छत्री घेतो. उन्हाबरोबर सरकवता येते." आता ती छत्री सकाळी आमच्या दाराशी असते आणि दुपारी शेजारच्यांच्या.

वरच्या दाराच्या जागी अर्धी भिंत बांधून खिडकी केली. वाळवणं पुढच्या वर्षी मागच्या अंगणात. त्या कोपऱ्यातला पाइप अजून भिंतीला तसाच आहे. मृगाच्या आदल्या दिवशी कबुतरांची एक जोडी येऊन त्यावर बसली, मान वाकडी करून बरंच खाली पाहिलं आणि समोरच्या घराच्या सज्ज्यावर गेली. तो सज्जाही जुनाच आहे. काल मी समोरच्या वहिनींकडे मॅडमचा नंबर देऊन आले.

मिच्छामि दुक्कडम्.